डॉटच्या पुढचं

ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा दुकानात आम्ही तिघंच होतो. मी, माझी भाची आणि जीपवाले भावजी. पुढे मी ती दुपार मनात इतक्या वेळा उलटीपालटी केली, की कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं आणि कुणाच्या हातात मोबाईल होता हे मला आजही सांगता येईल.

कन्नड मुलखातल्या रामनगरला बसस्टँडसमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, आधारची दुरुस्ती, जमिनीचे उतारे, कॉलेजचे फॉर्म. स्टँडसमोर असल्यामुळे एक जादा काम न मागता माझ्या गळ्यात पडलं होतं. पायरीवर एक पाय ठेवून, आत न येता, लोक विचारायचे, "आली काय?" काय आली ते सांगायचे नाहीत. कुणाची बस, कुणाची जीप. कन्नड बोलणारे "बंतेन्री?" म्हणायचे. मीही मान हलवून व्हय-न्हाई सांगायची, बरेचदा अंदाजानंच.

माझी भाची, म्हणजे मोठ्या बहिणीची मुलगी, पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायची. कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावाला धड रेंज नाही, म्हणून ती माझ्याकडे येऊन राहिली. दुपारी दुकानात येऊन बसायची. पायरीवरच्या त्या प्रश्नाला पहिल्या आठवड्यात ती हसली आणि दुसऱ्या आठवड्यात तिनं त्यावर अॅप करायला घेतलं. जीपवाल्यानं निघताना एक बटण दाबायचं, मोठ्या फाट्यावर पुन्हा एकदा. वाट बघणाऱ्याला आपल्या फोनवर दिसणार की जीप कुठपर्यंत पोचली. जंगलात रेंज नसते तिथं अॅप आपलं आपण अंदाज बांधणार, माझ्यासारखंच.

पण जीपवाल्यांनी बटण दाबलं तरच ते चालणार. त्यांना तयार केलं भावजींनी. हे आमच्या ह्यांचे जुने दोस्त. रामनगर ते तालुक्याचं गाव जोयडा या लाइनीवर वीस-बावीस वर्षं जीप चालवतात. घर डोंगरातल्या एका वाडीत, थोडी भातशेती. दुसऱ्या जीपवाल्यांत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी अकरा जणांना गोळा केलं.

तर त्या दुपारी भाचीनं विचारलं, "काका, नाव काय ठेवूया?"

भावजींनी विचार केलासुद्धा नाही. "लोकं काय इचारत्यात? आली काय म्हणूनच इचारत्यात न्हवं? त्येच ठेवा की."

आम्हा दोघींना ते एकदम पटलं. भाचीनं तिथल्या तिथं लॅपटॉप उघडला. अॅपला वेबसाइट लागते, वेबसाइटला पत्ता लागतो, आणि पत्ता आधीच दुसऱ्या कुणी घेतलेला नसावा लागतो. 'आली काय' हे नाव इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला दोन ए घालून, तिनं टाकलं. सगळं मोकळं होतं. डॉट कॉम, डॉट इन, डॉट अॅप, डॉट असं आणि डॉट तसं. खाली सरकवत गेलं तरी यादी संपेना.

"आता डॉटच्या पुढं काय घ्यायचं ते ठरवा," ती म्हणाली.

"कॉम म्हंजे काय?" भावजींनी विचारलं.

"मूळ अर्थ धंद्याचं. आता सगळेच घेतात. लोकांच्या बोटाला तेच येतं."

"म्हंजे कंपनी."

"तसंच काहीतरी."

"कंपनी," भावजी परत एकदा म्हणाले. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

डॉट इन म्हणजे इंडियाचं, हे त्यांना आवडलं. मग भाचीनं एक गंमत दाखवली. आपल्या अक्षरातही पत्ता मिळतो, डॉटच्या पुढं 'भारत' असं मराठीत. स्क्रीनवर ते पूर्ण नाव बघून मला फार बरं वाटलं. दिवसभर मी इंग्रजीत फॉर्म भरते, कन्नडमध्ये अर्ज छापते, आणि मराठी फक्त बोलते.

भावजी म्हणाले, "वैनी, जोयड्याच्या आफिसातली माणसं पण आपल्याच जीपमधनं जात्यात. त्येंना हे वाचाय येणार काय? आनि उद्या कोन म्हनंल, हे त्या भाषेवाल्यांचं हाय. कशाला पायजे?"

माझ्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा कन्नड वर, मोठ्या अक्षरात, आणि मराठी खाली आहे. भाची म्हणाली, कन्नडमध्येही तसं मिळतं, दोन्ही घेऊ शकतो, पण फोनवरची अक्षरं बदलून पत्ता लिहीपर्यंत जीप निघून जाईल.

यादीत काही पत्ते अगदी चहाच्या किमतीत होते. मी विचारलं, "एवढं स्वस्त का?"

"पहिल्या वर्षी स्वस्त. पुढच्या वर्षी वाढवतात."

माझ्या अंगात संशय आहे, आणि तो धंद्यानं आलेला आहे. रोज कुणीतरी फोन पुढे करून विचारतं, "अक्का, खातं बंद होणार म्हणून मेसेज आलाय, दाबू काय?" रोज मी सांगते, दाबू नका. दहा वर्षं हे केल्यावर माणसाला कुठलंच बटण सरळ दिसत नाही. भाची म्हणाली, "मावशी, मोकळं आहे तोवर डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घेऊन टाकूया." मी म्हणाले, "आज नको. दोन दिवस विचार करू. 'आली काय' हे नाव या जगात आणखी कुणाला पाहिजे असणार?"

तिसऱ्या दिवशी सकाळी भाची दुकानात आली ती बसलीच नाही. उभ्या उभ्याच लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डॉट कॉम गेलं होतं.

पत्ता कुणी कधी घेतला हे बघायचं एक पान असतं. तिनं ते उघडलं. तारीख आदल्या दिवशीची. मालकाच्या नावाच्या जागी, ही माहिती झाकलेली आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ. गावही नाही, फोनही नाही.

"असं झाकून ठेवता येतं?" मी विचारलं.

"बरेच जण ठेवतात. कधी कधी आपण शोधलेलं बघून कुणीतरी उचलतं असंही म्हणतात." मग ती म्हणाली, "मावशी, तू कुणाला बोललीस काय?"

तो प्रश्न मला टोचला. दिल्ली-मुंबईत बसलेल्या कुणा माणसाला आमच्या स्टँडवरच्या प्रश्नाचं काय पडलंय? नाव तिघांनाच ठाऊक होतं. मी घेतलेलं नव्हतं. उरले दोघं. आणि त्या दोघांतल्या एकीनं आधी माझ्यावरच बोट ठेवलं. दुकानात मी बघितलंय, कागद हरवला की ज्यानं हरवला तोच पहिला विचारतो, तुम्हीच ठेवला नव्हता काय?

त्याच संध्याकाळी मी परसात कपडे काढायला गेले. फणसाच्या झाडाजवळ रेंज चांगली येते, तिथं भाची फोनवर बोलत होती. पाठ माझ्याकडे. मला एवढंच ऐकू आलं: "हो, तिकडं माझंच नाव द्या. नाही, इथं अजून कुणाला बोलले नाही." मी कपडे न घेताच परत आले.

रात्री जेवताना मी तिच्याकडे बघत होते. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हापासून ती ताटातली भाजी आधी संपवते. तशीच संपवत होती. हिनं माझ्या दुकानात बसून, माझ्या गिऱ्हाइकांचा प्रश्न घेऊन, अॅप आपल्या नावावर करून पुण्याला न्यायचं ठरवलं असेल तर मी बहिणीला काय सांगू, असा विचार करत मी तिला आणखी भात वाढला.

पण संशय एकाच माणसावर थांबत नाही. भावजी रोज सकाळची फेरी टाकून आले की दुकानात चहा घेत. डॉट कॉम गेल्यापासून ते पायरीवरूनच बोलायला लागले. "जागा न्हाई गाडी लावाय," म्हणायचे. जागा असायची. मी नाव गेल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं व्हय," आणि रुमालानं मान पुसली. कुणी घेतलं, कसं घेतलं, एक प्रश्न नाही. मग जाता जाता म्हणाले, "त्येचं दरसाल परत भराय लागतंय न्हवं?"

ते गेल्यावर माझ्या डोक्यात आलं, की पुढच्या वर्षीच्या वाढीचं मी स्वस्तातल्या पत्त्यांबद्दल विचारलं होतं. डॉट कॉमचंही दरसाल भरावं लागतं हे यांना कुणी सांगितलं?

मी हे आमच्या ह्यांना बोलले. ते म्हणाले, "त्याला विचारून टाक की सरळ. वीस वर्षांची ओळख आहे."

सरळ विचारलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी लागते. त्यापेक्षा मनातल्या मनात पुरावे गोळा करत बसणं सोपं, आणि खोटं कशाला बोलू, त्यात एक प्रकारची चवही असते. मी विचारलं नाही. मी सापळा लावला.

स्वयंपाकघरात भाचीला म्हणाले, "नाव 'सुटली काय' ठेवलं तर? मला तर तेच बरं वाटायला लागलंय." ती म्हणाली, "ठीक आहे, पण पहिलं जास्त चांगलं होतं." दुसऱ्या दिवशी स्टँडवर भावजींच्या जीपजवळ गेले आणि म्हणाले, "भावजी, ते पहिलं सोडलं आम्ही. आता 'गाडी आली' ठेवतोय. डॉट कॉमच घेणार, चार-पाच दिवसांत."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "बरं. तुमी ठरिवलासा तर बरं."

दोन नावं, दोन माणसं. ज्याचं नाव गायब होईल तो चोर. रोज सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावायच्या आधी मी ती दोन्ही नावं टाकून बघायची. दोन्ही मोकळी. दुसऱ्या दिवशी मोकळी, तिसऱ्या दिवशी मोकळी. मला समाधान वाटायला पाहिजे होतं. वाटली ती चीड, की हे दोघंही हुशार आहेत.

पाचव्या दिवशी सकाळी भावजींची जीप स्टँडवर आली. मागची काच माझ्याकडे होती. काचेवर पिवळ्या रेडियमची अक्षरं चिकटवलेली. वर कन्नडमध्ये 'गाडी बंतु', खाली मराठीत 'गाडी आली'. तिच्या मागून दुसरी जीप आली, तिच्यावरही तेच. त्या दुसऱ्या जीपवाल्यानं मला बघून मागच्या काचेकडे बोट केलं, बघा, छान झालंय काय, अशा अर्थानं.

भावजी उतरून थेट दुकानात आले. बऱ्याच दिवसांनी खुर्चीत बसले.

"वैनी, चार गाड्यांवर झालं. बाकीच्यांचं या आठवड्यात हुतंय. जोयड्यात एकजन करतोय, चांगलं करतोय. म्हटलं लोकांना नाव डोळ्यात बसू दे. आता तुमी त्या डॉट कॉमला उशीर करू नगासा. परत कोन घेऊन जाईल."

मी दोन झेरॉक्स चुकीच्या काढल्या. गिऱ्हाईक होतं ते जाऊ दिलं. मग म्हणाले, "भावजी, ते नाव खरं नाही."

"खरं न्हाई म्हंजे?"

"तुम्हाला एक नाव सांगितलं आणि भाचीला एक. कुठलं जातं ते बघायला."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी मान फिरवून बाहेर जीपकडे बघितलं. मला वाटलं ते उठून जाणार. गेले असते तर मी त्यांना थांबवू शकले नसते. काय म्हणून थांबवणार?

"म्हंजे मी चोर हाय काय ते बघाय," ते म्हणाले.

मी चुकलेल्या झेरॉक्स गोळा करायला लागले.

त्यांनी रुमाल काढला, घडी मोडली, परत घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पयलं नाव माझ्याजवळ हाय, वैनी."

आता समजायला वेळ लागला तो मला.

"डॉट कॉम मीच घेतलंय. जोयड्याला आफिसाजवळ तुमच्यासारकंच एक दुकान हाय, त्येच्याकडनं. त्येनंच सांगिटलं दरसाल भराय लागतंय म्हणून."

"का पण? आम्हीच घेणार होतो की."

"तुमी घेणार म्हंजे कुनाच्या नावावर? तुमच्या भाचीच्या. लॅपटॉप तिचा, अॅप तिचं. ती शिकल्याली पोर, आज हितं हाय, उद्या जाणार. ती गेली की नाव गेलं. मग बटणं दाबणार आमी आनि मालक कोन तर पुण्याची कंपनी." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "नाव मी दिलं हुतं, न्हवं? त्या दिवशी हितंच बसून."

दिलं होतं. इतके दिवस कुणी चोरलं, कुणी चोरलं म्हणून मी जळत होते, आणि नाव कुणाचं हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते वीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं रान जोयड्याजवळ सुप्याच्या बाजूला होतं, तिथल्या धरणाच्या पाण्यात गेलं. रान कसत होते वडील, पण कागदावर नाव चुलत्याचं. दोघं भाऊ एकत्र होते तेव्हा कुणी कागद बघितला नाही. पाणी येणार म्हटल्यावर कागद बाहेर निघाले, आणि बदली जमीन, घराची जागा, सगळं कागदावरच्या नावानं झालं. चुलता वाईट नव्हता, ते म्हणाले. पण त्यालाही पोरं होती. वडील बायकोच्या माहेरच्या वाडीत जाऊन राहिले आणि शेवटपर्यंत दुसऱ्याच्या रानात राबले.

"बाबा कुनाला शिव्या देत नव्हता. येवढंच म्हनायचा, राबणारा राबतोय, पर ज्येचं नाव त्येचं रान. आता हे रान न्हाई, मला कळतंय. पर कॉम म्हंजे कंपनी असं ती म्हनाली आनि दुसऱ्याच दिवशी मी जोयड्याला जाऊन त्ये घेऊन टाकलं."

"मग घेतल्यावर सांगायचं तरी."

"सांगणारच हुतो. दुसऱ्या दिवशी गाडी लावून येतच हुतो. तुमी दारातनं माझ्याकडं अशा बघितलासा, की माझं पाऊलच उचलंना. मग रोज वाटायचं, आज सांगू. मग तुमी म्हनालासा पयलं नाव सोडलं. म्हटलं, सुटलो. आता सांगायची गरजच न्हाई."

मागच्या दारात भाची उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ती आत येऊन टेबलाला टेकली आणि म्हणाली, "काका बरोबर बोलतात. मी जाणार आहे."

बेंगळूरला तिला दुसरी नोकरी मिळाली होती. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. फणसाखालचा फोन त्याचाच. तिकडच्या भाड्याच्या खोलीच्या करारावर कुणाचं नाव घालायचं म्हणून घरमालक विचारत होता. मला सांगितलं तर मी अॅपचं सगळं बंद करीन असं तिला वाटलं होतं. "तू म्हणाली असतीस, जायचंच आहे तर हे कशाला सुरू केलंस? म्हणून आधी सगळं उभं करायचं आणि मग सांगायचं ठरवलं."

मी अगदी तेच म्हणाले असते. शब्दशः.

त्या सकाळी मला कुणावर रागवावं ते कळेना. भाचीनं लपवलं, भावजींनी लपवलं, आणि मी तर चक्क खोटं बोलून चार जीपच्या काचांवर अक्षरं चिकटवायला लावली. आमच्या तिघांत नावाबद्दल खोटं बोललेली एकटी मीच होते. त्या दोघांनी नुसतं सांगितलं नव्हतं.

भाचीनं पहिला कामाचा प्रश्न विचारला. "काका, घेताना ईमेल कुणाचा घातला?"

"मला कुठं ईमेल हाय? त्येनं आपला घातला."

तिनं कपाळाला हात लावला. ईमेल ज्याचा, किल्ली त्याची. म्हणजे नाव ना आमचं होतं, ना भावजींचं. ते जोयड्याच्या त्या दुकानदाराच्या हातात होतं. भावजींचा चेहरा उतरला. वडिलांच्या कागदाची गोष्ट आत्ताच सांगून झाली होती, आणि इथं पुन्हा तेच झालेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं भावजींच्या जीपमधून जोयड्याला गेलो. वाटभर मी मनात त्या दुकानदाराशी भांडत होते. तो काय काय म्हणेल, किती मागेल, नाही म्हटला तर कुणाकडे जायचं. माझ्यासारखंच दुकान म्हणजे काय करता येतं हे मला पुरतं ठाऊक होतं.

दुकानदार पन्नाशीचा, कन्नड बोलणारा माणूस. भाचीनं लॅपटॉप उघडून पासवर्ड मागितल्यावर त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कन्नडमध्ये विचारलं, "तुम्ही कोण?"

मी सांगितलं.

"नाव ह्यांनी घेतलंय," तो भावजींकडे हात करून म्हणाला. "मी ह्यांनाच देणार. तुम्ही ह्यांना गाडीत घालून आणलंय काय, मला काय माहीत?" आणि त्यानं भावजींना कोपऱ्यात बोलावून, आम्हाला ऐकू येईल अशाच आवाजात विचारलं, की या बायका तुमच्यावर जबरदस्ती करतायत काय.

भावजींनी नाही म्हणून सांगितलं. तरी त्यानं त्यांचा आधार बघितला, ते घेताना दिलेल्या कागदाशी ताडून पाहिला, भावजींच्या नावानं नवा ईमेल उघडायला लावला आणि मगच पत्ता त्यावर वळवला. सगळं होईपर्यंत जेवायची वेळ टळून गेली. वर काही घेतलं नाही. मी त्याच्या वहीवर 'मिळालं' म्हणून साक्षीची सही केली. इतक्या संशयी माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

परत येताना भावजी खुशीत होते. म्हणाले, "त्येनं बघा कसं राखलं."

"आम्हालाच चोर ठरवलं की," भाची म्हणाली.

"मग? ठरवायलाच पायजे हुतं."

घरी आल्यावर भाचीनं तोडगा सांगितला. डॉट कॉम भावजींच्या नावावर राहील, अॅप तिथंच उघडेल. डॉट इन मी माझ्या दुकानाच्या नावावर घ्यायचं. ते टाकणारा आपोआप डॉट कॉमवर जाईल. अॅपचा सगळा माल, म्हणजे तिनं लिहिलेलं काम, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहील. भावजींनी मनात आणलं तर पत्ता बंद करू शकतील, पण अॅप माझ्याकडे. मी मनात आणलं तर अॅप बंद करू शकीन, पण पत्ता त्यांच्याकडे. एकट्यानं कुणालाच काही पळवता येणार नाही.

"ही विश्वासाची सोय की संशयाची?" मी विचारलं.

"चालायला पाहिजे ना, मावशी?" ती म्हणाली.

डॉट इन घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला फोन यायला लागले. तुमची वेबसाइट करून देतो, तुमचं नाव वर आणतो. कुठून नंबर मिळाला म्हटलं की फोन ठेवायचे. मी एकेक नंबर वहीत लिहून ठेवला, कशाला ते मला सांगता येणार नाही. काचांवरची अक्षरं भावजींनी ब्लेडनं खरवडली. चारांतल्या एका जीपवाल्यानं नकार दिला. म्हणाला, एवढ्या लवकर नाव बदलणारी माणसं उद्या पुन्हा बदलणार, तेव्हा एकदमच खरवडतो. त्याच्या काचेवर अजून 'गाडी आली' आहे, आणि त्याच्याकडे बघून मी नमस्कार करते तेव्हा तो हसतो. त्याला खरं काय ते माहीत आहे की नाही, मला कळत नाही.

भाची बेंगळूरला गेली. काही अडलं तर संध्याकाळी फोन करून सांगते, हे दाबा, ते दाबा. जीपवाले बटण दाबतात, निम्मे वेळा विसरतात. पायरीवर विचारणारे कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत. भावजी पुन्हा चहाला आत बसायला लागले, पण पहिल्यासारखं झालं म्हणणं खरं होणार नाही. मी काही सांगितलं की ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतात, हे खरं नाव आहे काय, असं. तो हक्क त्यांना मीच दिला आहे.

वर्ष भरत आलं तेव्हा एक दिवस ते फोन घेऊन आले. ईमेल आला होता. तुमच्या पत्त्याची मुदत संपली, चोवीस तासांत इथं दाबून भरा, नाहीतर नाव दुसऱ्याला जाईल. इंग्रजी त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. दाबलं नव्हतं.

मी चष्मा लावून बघितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच. मुदतीला अजून महिना होता. "खोटा आहे," मी म्हणाले. "पुसून टाका. खरं कुठं भरायचं ते मी दाखवते."

त्यांनी तो माझ्यासमोर पुसला. मग खुर्चीत नीट बसून म्हणाले, "खरं सांगू वैनी? वाचल्यावर पयला तुमचाच संशय आला."

"साहजिक आहे," मी म्हणाले. "मला आला असता तर मलाही तुमचाच आला असता."

मी समोरच्या टपरीवाल्याला हात करून दोन चहा सांगितले, आणि आम्ही दोघं मिळून खरं पान उघडून बसलो.